आधी विचारले पाहिजे
(मंडळाच्या वर्धापनदिनी इंदूर येथे केलेले भाषण)



आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनी चार शब्द बोलण्याचा मान कार्यकारिणीने मला दिला, याबद्दल मी आभारी आहे. विषय मात्र मी मागून घेतला आहे. हळदीकुंकू, भजन, भिशी आणि पाककृतींच्या स्पर्धा यांच्या पंक्तीत ‘विषारी कचऱ्याची भट्टी’ हे पान वाढायचे म्हटल्यावर चिटणीसबाईंच्या कपाळाला किंचित आठी पडली. “अहो, वर्धापनदिनाला काही गोड बोलावं,” असे त्या म्हणाल्या. त्यांचे म्हणणे मला पटते. पण गोड खाल्ल्यावर ताट घासावे लागते, आणि खरकटे कुठे टाकायचे हा प्रश्न घरात बहुधा बाईच्याच वाट्याला येतो. म्हणून आज खरकट्याविषयी बोलू.

आपले इंदूर स्वच्छतेबद्दल नावाजलेले आहे. २०१७ सालापासून वर्षामागून वर्षे पहिला क्रमांक आपल्या शहराने मिळविला, आणि त्यात तुमच्या-माझ्या स्वयंपाकघरातल्या डब्यांचा वाटा आहे. ओला वेगळा, सुका वेगळा, औषधे आणि जुन्या बॅटऱ्या वेगळ्या, हे आपण निमूट शिकलो. सकाळी गाडीचे गाणे वाजले की आपण डबा रिकामा करून मोकळ्या होतो. गाडी वळणापलीकडे गेली की आपल्यापुरता कचरा संपला. खरे तर तो संपत नाही, फक्त दुसऱ्या कुणाच्या तरी दारी जातो. आणि साधा केर नव्हे, विषारी कचरा जेव्हा असा दुसऱ्याच्या दारी जायचा असतो, तेव्हा त्या दारातल्या माणसांना कुणी, केव्हा आणि कसे विचारायचे, एवढाच माझा आजचा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे उदाहरण शोधायला आपल्याला लांब जायला नको. पीथमपूर आपल्यापासून जेमतेम तीस किलोमीटरवर आहे. आपल्यापैकी कित्येकींचे यजमान, दीर, मुलगे तिथल्या कारखान्यांत जातात. त्याच पीथमपुरात २०२५ साली भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातला ३३७ टन कचरा जाळण्यात आला.

भट्टी म्हणजे काय, ते आधी सांगते. मी बरीच वर्षे शाळेत रसायनशास्त्र शिकविले, तेव्हा थोडी मास्तरीण जागी होईल, सहन करा.

आपल्या जुन्या घरांतला पाण्याचा बंब आठवा. ओले लाकूड घातले की घरभर धूर, वाळके घातले की धगधगीत जाळ. पत्रा तोच आणि नळीही तीच. फरक पडतो तो काय घातले आणि कुणी लक्ष ठेवले याने. विषारी कचऱ्याच्या भट्टीचेही तसेच आहे, फक्त जाळ मोठा आणि चुकीला जागा लहान. तिला दोन कप्पे असतात. पहिल्यात कचरा सुमारे ८५० अंशांवर जळून त्याचा वायू होतो. दुसऱ्यात तो वायू सुमारे ११०० अंशांवर किमान दोन सेकंद ठेवावा लागतो, म्हणजे विषारी रेणू मोडतात. मग तो झटकन थंड करावा लागतो. कारण रेंगाळत थंड झाला तर मोडलेले तुकडे पुन्हा जुळून डायॉक्सिन नावाची अत्यंत विषारी द्रव्ये तयार होतात. त्यानंतर चुना, कोळशाची पूड आणि गाळण्या यांतून गाळून तो धुराड्यात सोडायचा.

हे सारे नीट झाले तर भट्टी आपले काम करते, हे मी मोकळेपणाने सांगते. भट्टी म्हणजे राक्षस नव्हे. पण दोन गोष्टी तिच्याही हातात नाहीत. शिसे, पारा अशा धातूंचा नाश आगीने होत नाही. ते राखेत, गाळण्यांत किंवा धुरात जातातच. आणि राख उरते. भोपाळचा कचरा जाळताना चुना वगैरे मिसळावा लागला, त्यामुळे ३३७ टनांच्या कचऱ्यातून ८०० टनांहून अधिक राख व अवशेष उरले. घातले त्याच्या दुपटीहून अधिक निघाले! ती राख पुढे वर्षानुवर्षे कुणाच्या तरी गावाजवळच्या खड्ड्यात राहणार. म्हणजे भट्टी कुठे लावायची हा निर्णय एका दिवसाच्या धुराचा नाही, दोन-तीन पिढ्यांच्या शेजाराचा आहे. शेजार पिढ्यांचा असेल, तर शेजाऱ्याला विचारायला नको का?

आता या कचऱ्याची वणवण ऐका.

१९८४ सालच्या २ आणि ३ डिसेंबरमधल्या रात्री भोपाळात जे घडले ते इथल्या थोरल्या बायकांना सांगायला नको. वायूने माणसे गेली ती गेलीच. पण कारखाना बंद पडल्यावर आवारात कीटकनाशकांचे अवशेष, रसायनांचा गाळ आणि विष भिनलेली माती तशीच पडून राहिली. ते विष झिरपत आजूबाजूच्या वस्त्यांच्या हातपंपांत उतरले. तिथल्या बायका तेच पाणी भरत होत्या, त्याच पाण्यात डाळ शिजवीत होत्या. शेवटी २००४ साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की या वस्त्यांना शुद्ध पाणी द्या.

त्याच साली कचऱ्याच्या विल्हेवाटीसाठी जबलपूरच्या उच्च न्यायालयात याचिका झाली. वर पडलेला काही कचरा गोळा करून आवारातल्या गोदामात ठेवण्यात आला. मग तो न्यायचा कुठे? २००७ साली गुजरातेतील अंकलेश्वरचे नाव निघाले; गुजरात सरकारने पुढे नकार दिला. २००८ साली ४० टन चुनामिश्रित गाळ पीथमपुरात आणून गाजावाजा न करता पुरण्यात आला. २०११ साली नागपूरजवळच्या संरक्षण संशोधन संस्थेच्या भट्टीचे नाव निघाले. आपल्यापैकी ज्यांची माहेरे नागपूरकडची आहेत त्यांना ते दिवस आठवत असतील. नागपुरात विरोध झाला, महाराष्ट्र सरकारने ‘नको’ म्हटले, प्रकरण तिथल्या उच्च न्यायालयाच्या खंडपीठात गेले, आणि तेही बारगळले. २०१२ साली विमानाने जर्मनीला न्यायचा बेत झाला; जर्मनीत विरोध झाला, तोही मोडला. २०१५ साली पीथमपुरात दहा टन जाळून चाचणी घेण्यात आली. आणि ३ डिसेंबर २०२४ रोजी, वायुकांडाला चाळीस वर्षे पूर्ण झाली त्याच दिवशी, उच्च न्यायालयाने सरकारला खडसावले आणि चार आठवड्यांत कचरा हलवायला सांगितले.

१ जानेवारी २०२५ च्या रात्री बारा बंद कंटेनर पोलिसांच्या बंदोबस्तात भोपाळहून निघाले आणि सुमारे अडीचशे किलोमीटर येऊन दुसऱ्या दिवशी पहाटे पीथमपुरात पोचले. ३ तारखेला पीथमपूर बंद होते. दगडफेक झाली, लाठ्या चालल्या, आणि दोन माणसांनी निषेधाच्या भरात अंगावर ज्वालाग्राही द्रव ओतून घेतले व ती भाजली. भगिनींनो, एखाद्या गावाला आपले म्हणणे ऐकू जावे म्हणून स्वतःला जाळून घ्यावेसे वाटावे, याहून मोठी नामुष्की राज्यकारभाराची दुसरी नाही.

पुढे काय झाले? ६ जानेवारीला न्यायालयाने सरकारला सहा आठवडे दिले. मग पत्रके निघाली, अधिकारी वस्त्यांत गेले, सभा झाल्या, भट्टी कशी चालते ते समजावून सांगण्यात आले. ज्याला ‘जनसंवाद’ म्हणतात तो सुरू झाला. फेब्रुवारीच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप करावयास नकार दिला, फेब्रुवारी-मार्चमध्ये दहा-दहा टनांच्या तीन चाचण्या झाल्या, आणि उरलेला कचरा तासाला २७० किलो या गतीने जूनअखेर जाळून झाला. प्रदूषण मंडळाने सांगितले की धूर ठरलेल्या मर्यादेत होता.

या हकिकतीतला एकच धागा मला तुमच्यासमोर धरायचा आहे. गाड्या आधी आल्या आणि गोष्ट मागून सांगण्यात आली. आपल्या घरातली उपमा देते. मुलीला विचारले खरे, पण मांडव घातल्यावर, पंगतीचे आचारी येऊन बसल्यावर. तिने त्यावेळी काय म्हणायचे? ‘हो’ म्हटले तर त्याला संमती म्हणता येत नाही, आणि ‘नाही’ म्हटले तर तीच घराची अब्रू घालविणारी ठरते. स्थळ कितीही उत्तम असो, विचारायची वेळ चुकली की त्या प्रश्नाला किंमत उरत नाही. पीथमपूरच्या लोकांचे तेच झाले. ज्या समजुतीच्या गोष्टी जानेवारीत आणि फेब्रुवारीत सांगितल्या, त्या गाड्या निघण्यापूर्वी सांगता आल्या असत्या, आणि त्यावेळी त्या ऐकल्याही गेल्या असत्या.

यावर एक शहाणा आक्षेप नेहमी घेतला जातो. “हे शास्त्राचे काम आहे. सामान्य माणसाला त्यातले काय कळते?”

आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंचे माहेर पीथमपूरच्या बाजूला आहे. त्या चौथीपर्यंत शिकल्या आहेत. त्या जानेवारीत पोळ्या लाटता लाटता त्यांनी मला तीन गोष्टी विचारल्या. राख कुठे ठेवणार? पावसाळ्यात ती जागा भरली तर पाणी कुणीकडे वाहणार? आणि रात्री भट्टीत बिघाड झाला तर आम्हाला कोण उठवणार? मी तीस वर्षे रसायनशास्त्र शिकविले. याहून नेमके तीन प्रश्न माझ्या वर्गात कुणी विचारले नसतील. त्यांतल्या दुसऱ्या प्रश्नाचा तर आपल्याशी थेट संबंध आहे. तिकडचे पाणी गंभीर नदीने यशवंत सागराकडे येते, आणि यशवंत सागराचे पाणी इंदूरच्या काही भागात नळाने येते, ही काळजी पुढे इंदूरच्या डॉक्टरमंडळींनीही न्यायालयापुढे मांडली. म्हणजे चौथी शिकलेली बाई आणि शिकलेले डॉक्टर एकाच ठिकाणी बोट ठेवीत होते.

तज्ज्ञाला भट्टी कळते. पण विहिरींना पाणी कोणत्या महिन्यात येते, वारा संध्याकाळी कुणीकडून वाहतो, अंगणवाडी कुठे आहे, कोणत्या आळीतल्या गरोदर बायका शेतावर जातात आणि कारखान्याने याआधी दिलेला शब्द पाळला की नाही, हे तिथे राहणाऱ्यालाच कळते. दोन्ही माहित्या एका टेबलावर आल्याशिवाय निर्णय पुरा होत नाही. पीथमपूरच्या लोकांना २००८ साली पुरलेले ४० टन आठवत होते. अशी आठवण असताना ‘आमच्यावर विश्वास ठेवा’ असे नुसते म्हणून विश्वास येत नाही. तो खात्यावरच्या रकमेसारखा आधी जमा करावा लागतो.

दुसरा आक्षेप याहून अवघड आहे, आणि तो मला टाळायचा नाही. “विचारत बसलात तर प्रत्येक गाव ‘आमच्याकडे नको’च म्हणेल. मग कचरा जाईल कुठे?”

यात तथ्य आहे. अंकलेश्वर नको, नागपूर नको, जर्मनी नको, पीथमपूर नको. प्रत्येकाचा ‘नको’ त्याच्या त्याच्या जागी समजण्यासारखा होता. पण या सर्व नकारांचे देणे कोणी फेडले? गोदामाभोवती राहणाऱ्या भोपाळच्या बायकांनी. तिथले विष हलले नाही म्हणून त्यांच्या जमिनीतच राहिले. शिवाय ३३७ टन म्हणजे नुसता वरचा भाग. नीरी आणि हैदराबादची भूभौतिकी संस्था यांनी २०१० साली दिलेल्या अहवालात तिथल्या दूषित मातीचा अंदाज सुमारे ११ लाख टन सांगितला आहे. तो प्रश्न अजून शिल्लकच आहे.

तेव्हा नुसते ‘नको’ म्हणणे म्हणजे सहभाग नव्हे, असे मला स्पष्ट वाटते. पण लोक नुसते ‘नको’ का म्हणतात, हेही पाहा. जेव्हा माणसाला एकच प्रश्न विचारतात, तोही शेवटी, तेव्हा त्याच्या हातात एकच उत्तर उरते. सुरुवातीलाच विचारले असते की, “हा कचरा असा असा आहे, जाळणे, तिथेच सुरक्षित बंदिस्त करणे, ज्याने केला त्याच्या देशी परत पाठविणे, असे इतके मार्ग आहेत, प्रत्येकाचा धोका हा, खर्च हा, तुमचे म्हणणे काय?” तर बोलणे वेगळे झाले असते. परत पाठविण्याची कल्पना हवेतली नव्हती. तमिळनाडूतील कोडाईकनालच्या थर्मामीटर कारखान्यातला पारा मिसळलेला कचरा २००३ साली लोकांच्या रेट्यामुळे खरोखरच अमेरिकेला परत गेला. भोपाळच्या वायुपीडित संघटनांची मागणीही तशीच होती, आणि पीथमपुरात जाळण्याला त्यांनीही विरोध केला, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्यांना आपले दुखणे दुसऱ्या गावाच्या गळ्यात बांधायचे नव्हते. भोपाळच्या बायका आणि पीथमपूरच्या बायका एका सतरंजीवर बसल्या असत्या, तर त्यांचे भांडण झाले नसते अशी माझी खात्री आहे. पण तशी सतरंजी कुणी अंथरलीच नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. आपल्या देशात १९९७ सालापासून काही प्रकल्पांना जनसुनावणी सक्तीची झाली, आणि सध्या २००६ सालची अधिसूचना चालू आहे. विषारी कचऱ्याची सामायिक भट्टी नव्याने उभारायची तर त्या अधिसूचनेखाली पर्यावरण परवानगी लागते. सुनावणी प्रदूषण मंडळाने ठेवायची. किमान तीस दिवस आधी वर्तमानपत्रांत सूचना द्यायची, त्यांत एक स्थानिक भाषेतले हवे. अहवालाचा सारांश लोकांच्या भाषेत कलेक्टर कचेरीत, जिल्हा परिषदेत, नगरपालिकेत पाहावयास ठेवायचा. अध्यक्षस्थानी कलेक्टर किंवा अतिरिक्त जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या खाली नाही असा अधिकारी बसायचा. सगळ्याचे चित्रीकरण करायचे. आणि उठण्यापूर्वी, लोक काय बोलले याचा गोषवारा त्यांच्याच भाषेत मोठ्याने वाचून दाखवायचा. ज्याला जाता येत नाही, त्याला लेखी म्हणणे पाठविता येते. ही तरतूद चांगली आहे, आणि ती आपली आहे.

पण तिला भोके आहेत. मंजूर झालेल्या औद्योगिक वसाहतीतल्या प्रकल्पांना सुनावणीतून सूट मिळण्याची वाट त्या अधिसूचनेत ठेवली आहे. भट्टी एकदा उभी राहिली की तिच्यात पुढे कुठून काय आणून घालणार, यासाठी अशी सुनावणी होत नाही. भोपाळच्या कचऱ्याला झाली नाही ती यामुळेच. बंब बसविताना विचारायचे, आणि पुढे त्यात काय जाळायचे ते विचारायचे नाही, असा हा प्रकार. शिवाय सुनावणीत सगळ्यांनी एकमुखाने ‘नको’ म्हटले तरी प्रकल्प आपोआप रद्द होत नाही. म्हणणे विचारात घ्यायचे, एवढेच बंधन.

तरीही अपुऱ्या हक्काने किती होऊ शकते, याची एक गोष्ट सांगते. ती अमेरिकेतली आहे, पण भाषेची असल्यामुळे आपल्याला जवळची वाटेल. कॅलिफोर्नियात केटलमन सिटी नावाचे शेतमजुरांचे छोटे गाव आहे. नाव ‘सिटी’, वस्ती जेमतेम हजार-अकराशेची. जवळच विषारी कचऱ्याचे मोठे आगार होते, आणि १९८८ च्या सुमारास लोकांना कळले की तिथे भट्टीही येणार. गावातील बहुतेक माणसे मेक्सिकन वंशाची, आणि सुमारे चाळीस टक्क्यांना स्पॅनिशखेरीज दुसरी भाषा येत नव्हती. अहवाल मात्र सारा इंग्रजीत, शेकडो पानांचा! लोकांनी एवढेच मागितले की आम्हाला आमच्या भाषेत सांगा. ते नाकारले गेले आणि परवानगी दिली गेली. गावकरी न्यायालयात गेले. १९९१ च्या अखेरीस न्यायाधीशांनी इतर दोषांबरोबर हाही दोष दाखविला की सारांश स्पॅनिशमध्ये न दिल्याने लोकांना निर्णयात भाग घेता आला नाही. १९९३ साली कंपनीने भट्टीचा बेत सोडून दिला.

आपण इंदूरच्या मराठी बायका. घरात मराठी बोलतो, बाजारात हिंदी, आणि बाहेरची माळवी आपल्याला कळते. या तीन भाषांमुळे आपण एक काम फार चांगले करू शकतो. अहवालातले वाक्य उचलून चुलीपाशी बसलेल्या बाईला कळेल असे सांगायचे. हे काम सरकारी पत्रक करू शकत नाही.

म्हणून मंडळापुढे माझ्या चार सूचना आहेत. मोठ्या नाहीत, भिशीच्या दिवशी अर्धा तास काढला तरी होतील.

पहिली. वर्तमानपत्रात प्रदूषण मंडळाची जनसुनावणीची सूचना आली की ती कापून फलकावर लावायची. अशा सूचना बारीक टाइपात, निविदांच्या शेजारी असतात. आपण सोन्याचा भाव रोज पाहतो, त्याच्या बाजूलाच त्या असतात. तीस दिवस म्हणजे थोडा वेळ नव्हे. पण सूचना दिसली तर.

दुसरी. सारांश मागवून एकत्र वाचायचा आणि प्रश्न लिहून काढायचे. काय जाळणार आणि कुठून येणार? नंतर नवीन काही आणायचे झाले तर पुन्हा विचारणार का? राख कुठे, आणि तिच्यावर किती वर्षे लक्ष ठेवणार? धुराचे मोजमाप कोण करणार, आणि ते आकडे आम्हाला रोज कुठे दिसतील? बिघाड झाला तर भोंगा, फोन, डॉक्टर यांची व्यवस्था काय? नुकसान झाले तर देणार कोण? हे सहा प्रश्न कोणत्याही भट्टीला लागू पडतात. सुनावणीला जाता आले तर मांडायचे, नाही तर लेखी द्यायचे व पोच घ्यायची. आणि सुनावणी संपताना गोषवारा वाचून दाखवा म्हणून आग्रह धरायचा. त्यात आपला प्रश्न आला नसेल तर तिथेच उभे राहून सांगायचे.

तिसरी. जी भट्टी आधीपासून उभी आहे तिच्याकडेही लक्ष ठेवायचे. विषारी पदार्थ हाताळणाऱ्या कारखान्यांनी आपल्या फाटकाबाहेर फलक लावून काय साठविले आहे, धुरात आणि पाण्यात काय सोडले जाते ते लिहावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली सांगून ठेवले आहे. फलक नसेल किंवा त्यावरचे आकडे जुने असतील, तर माहितीच्या अधिकारात एक अर्ज करायचा. दहा रुपयांचे काम आहे.

चौथी सूचना आपल्याच घरातली. जुनी औषधे, बॅटऱ्या, ट्यूबलाइट, कीटकनाशकाचे डबे हे सगळे आपल्याच घरातून निघते. जितके कमी आणू तितके कमी जाळावे लागेल. आणि वेगळे ठेवलेले पुढे कुठे जाते, हे नगर निगमला विचारायचे. दुसऱ्याच्या दारी आपले विष जात असेल, तर ‘आमच्याकडे नको’ म्हणताना आवाजात थोडी लाज असावी, आणि ‘मग कुठे, कसे’ हे सांगायची तयारीही.

“आपण बायका काय करणार?” असे कुणाला वाटत असेल तर भोपाळकडे पाहावे. रशीदाबी आणि चंपादेवी शुक्ला या स्टेशनरीच्या कारखान्यात काम करणाऱ्या दोन साध्या बायका. त्यांनी वायुपीडित बायकांची संघटना बांधली, कंपनीला जाब विचारीत साता समुद्रापार गेल्या आणि २००४ साली त्यांना पर्यावरणाच्या कामासाठीचा गोल्डमन पुरस्कार मिळाला. २००६ साली वायुपीडित माणसे भोपाळहून दिल्लीपर्यंत पायी गेली; त्यांत बायका पुष्कळ होत्या, आणि त्यांच्या मागण्यांत एक मागणी पिण्याच्या शुद्ध पाण्याची होती. त्यांच्यापुढे आपल्याला कलेक्टर कचेरीपर्यंत रिक्षाने जायचे आहे, इतकेच.

भगिनींनो, पीथमपुरात आता कचरा जाळून झाला आहे. त्याचे बरेवाईट जे व्हायचे ते राखेच्या खड्ड्याशी राहणाऱ्यांना पुढे कळेल, आणि आपण त्यांच्याकडे लक्ष ठेवले पाहिजे. पण भोपाळात लाखो टन माती बाकी आहे, आणि आपल्या राज्यात नवे कारखाने रोज येत आहेत. पुढची भट्टी कुठे तरी लागेलच. ती लावण्यापूर्वी ज्यांच्या दारात ती लागणार त्यांना विचारावे. त्यांच्या भाषेत विचारावे. आणि त्यांच्या उत्तराने काही बदलू शकेल अशा वेळी विचारावे. हा आग्रह धरायला पदवी लागत नाही, पक्ष लागत नाही. दहा-बारा बायका, एक सतरंजी आणि लिहून काढलेले प्रश्न एवढे पुरते. तेवढे आपल्या मंडळात आहे.